वरातीमागून टाळ्या

‘अरे, कल्ट मूव्ही आहे ती! अजून नाही बघितलीस?’ हे वाक्य कॉलेजच्या कॅण्टीनमध्ये सध्या कटिंगपेक्षाही स्वस्त झालंय. गेल्या शुक्रवारी आलेला सिनेमा कल्ट, त्याचा टीझर कल्ट, टीझरमधलं बॅकग्राऊंड म्युझिकसुद्धा कल्ट! मला विचाराल तर ‘कल्ट’ हा किताब दिग्दर्शक स्वतःला देऊ शकत नाही आणि पहिल्या शुक्रवारी तर तो कोणीच देऊ शकत नाही. तो प्रेक्षक देतात, तोही बऱ्याच वर्षांनी. आणि खरी गोम इथेच आहे. कारण बरेचदा आपण ज्याला कौतुकाने कल्ट म्हणतो, तो सिनेमा त्याच्या ऐन वेळी आपण एकटा पाडलेला असतो.

गेले काही आठवडे मी हॉरर आणि फॅण्टसी सिनेमांचा सपाटा लावलाय. काही नव्याने पाहिले, काही दुसऱ्यांदा. त्यातल्या काहींबद्दल माझी मतं सांगते. पटली तर घ्या, नाही पटली तर भांडा. पण एक अट आहे, भांडायच्या आधी सिनेमा पूर्ण बघा.

सोन्याची नाणी आणि रिकाम्या खुर्च्या

सुरुवात ‘तुंबाड’पासूनच करायला हवी. राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाचा हा सिनेमा 12 ऑक्टोबर 2018 ला आला. गोष्ट कोकणातली, 1918 पासून सुरू होणारी. नावाचा धागा थेट श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’पर्यंत जातो आणि कल्पनेचं बी नारायण धारपांच्या कथेत सापडतं. म्हणजे सिनेमा हिंदी असला तरी त्याची मुळं आपल्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटात आहेत. पंकज कुमारच्या कॅमेऱ्यातला तो पाऊस रोमँटिक नाही. तो कुबट आहे, भिंतींना बुरशी आणणारा. बघता बघता आपल्यालाच ओल लागल्यासारखं वाटतं.

पण मला त्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली माहितीये? हस्तरची नाही. विनायक आपल्या पोराला हळूहळू आपला ‘धंदा’ शिकवायला लागतो, त्याची. राक्षस निदान गर्भगृहात कोंडलेला आहे, बापाची हाव मात्र मोकळी फिरते आणि वारसाहक्काने पुढे जाते.

तर असा हा सिनेमा थिएटरमध्ये आला आणि फारसा गाजावाजा न होता गेला. पुढे ओटीटीवर लोकांनी तो शोधून काढला, एकमेकांना सांगितला, त्यावर मीम्स केले. 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा थिएटरमध्ये लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सिनेमा तोच, पाऊस तोच, हस्तर तोच. फक्त खुर्च्या भरायला सहा वर्षं लागली.

तुमचा यात दोष नाही, बरं का. 2018 मध्ये तुमच्यातले बहुतेक जण शाळेत होते आणि सिनेमाला ‘ए’ सर्टिफिकेट होतं. पण आज तुम्ही अठराच्या पुढचे आहात. आता जो सिनेमा तुमच्या डोळ्यांदेखत रिकाम्या थिएटरमधून उतरेल, त्याचं काय?

आपल्यातलाच कोणीतरी

हा प्रकार फक्त आपल्याकडेच घडतो असं समजू नका. जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’ 25 जून 1982 ला अमेरिकेत लागला. अंटार्क्टिकावरचं संशोधन केंद्र, बाहेर बर्फ, आत मूठभर माणसं आणि त्यांच्यातल्या कोणाचंही रूप घेऊ शकणारा परग्रहावरचा जीव. दोनच आठवड्यांपूर्वी स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ आला होता. तेव्हा सगळ्या जगाला गोड, बिचारा, घरी परत जाऊ पाहणारा एलियन हवा होता. कारपेंटरचा एलियन पाहून लोकांनी नाकं मुरडली, समीक्षकांनी तर सिनेमाची सालटी काढली. गंमत म्हणजे त्याच दिवशी रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ही लागला होता आणि त्याचीही गत फार वेगळी झाली नाही. आज दोन्ही सिनेमे फिल्म स्कूलमध्ये शिकवले जातात!

‘द थिंग’मधला रक्ताच्या टेस्टचा सीन एकदा बघाच. काही माणसं खुर्च्यांना बांधलेली, समोर प्रत्येकाच्या रक्ताचा नमुना आणि एकाच्या हातात तापलेली तार. खरं रक्त गप्प राहणार, खोटं उसळणार. बस्स, एवढंच. तरी श्वास अडकतो, कारण प्रश्न राक्षसाचा नसून विश्वासाचा आहे. इतके दिवस एका ताटात जेवलेल्या माणसाकडे तुम्ही संशयाने बघायला लागता, तेव्हा ग्रुप कसा फुटतो, हे हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. आणि हो, त्यातले किळसवाणे, अफलातून इफेक्ट्स कॉम्प्युटरवर केलेले नाहीत. रबर, रसायनं आणि यंत्रं वापरून ते करणारा रॉब बॉटीन तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेला पोरगा होता. तुमच्याच वयाचा म्हणा ना!

पुढे व्हिडिओ कॅसेटवर पाहणाऱ्यांनी सिनेमाला डोक्यावर घेतलं. पण मधल्या काळात कारपेंटरच्या हातातून पुढचा एक सिनेमा निसटला होता. कल्टच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो. टाळ्या उशिरा आल्या तरी चालतं असं आपल्याला वाटतं. पण ज्याच्यासाठी त्या वाजतात, त्याची मधली वर्षं कोणी परत देत नाही.

भुताला पत्ता हवा

आता तुम्ही म्हणाल, फ्लॉप झालेला प्रत्येक सिनेमा काय भारी असतो का? मुळीच नाही. बहुतेक फ्लॉप सिनेमे विसरण्याच्याच लायकीचे असतात. मग टिकणारा कुठला? माझं साधं मोजमाप आहे : भुताला पत्ता हवा. ते कुठून आलं, कोणाच्या पापातून आलं आणि याच घरात का आलं, याचं उत्तर गोष्टीत असलं पाहिजे. नाहीतर आरशात अचानक दिसणारा चेहरा आणि कानठळ्या बसवणारा आवाज एवढंच उरतं. त्याला दचकणं म्हणतात, भिणं नाही. फटाका फुटला तरी आपण दचकतोच की.

गिलेर्मो देल तोरोचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (2006) बघा. 1944 चा स्पेन, फ्रँकोची हुकूमशाही, आणि ओफेलिया नावाच्या लहान मुलीला दिसणारी एक अद्भुत दुनिया. त्यात तळहातावर डोळे असलेला एक पांढराफटक राक्षस आहे. पक्वान्नांनी भरलेल्या टेबलाच्या टोकाशी तो नुसता बसून असतो. आणि वरच्या जगात अशाच टेबलाच्या टोकाशी तिचा सावत्र बाप, कॅप्टन बसतो. दोन्ही टेबलं एकमेकांशेजारी ठेवून पाहिलीत की राक्षसाचा पत्ता लगेच कळतो. फॅण्टसी म्हणजे वास्तवापासून पळ काढणं, असं कोणी म्हणालं तर त्याला हा सिनेमा दाखवा.

पत्ता असला की अंधारही लागत नाही. ‘द विकर मॅन’ (1973) हा ब्रिटिश सिनेमा बहुतेक लख्ख उजेडात घडतो. स्कॉटलंडजवळचं एक बेट, हसरी माणसं, गाणी, फुलं, आणि हरवलेल्या मुलीला शोधायला आलेला एक पोलीस. सगळं गाव एका श्रद्धेने झपाटलेलं असलं की एकट्या माणसाचं काय होतं, हे त्यात दिसतं. क्रिस्टोफर लीने यात मानधन न घेता काम केलं होतं. तरी कंपनीने सिनेमा कापला आणि दुसऱ्या सिनेमाला जोडून कसाबसा लावला.

आणि आपल्याकडे ‘लपाछपी’ आहे ना! विशाल फुरियाचा 2017 चा मराठी सिनेमा. गरोदर बाई, उसाच्या फडातलं एकाकी घर, आणि काळजी घेणारी एक म्हातारी. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी तो अक्षरशः खेचून नेलाय. ऊस म्हणजे आपल्याकडे समृद्धी. त्याच उसाला त्याने भूलभुलैया केलं. त्यातली भीती कुठल्या परदेशी हवेलीतून आलेली नाही, ‘मुलगाच हवा’ म्हणणाऱ्या घरांतून आली आहे. पुढे त्याच दिग्दर्शकाने 2021 मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला आणि देशभर पोहोचला. आता तुमच्या वर्गात विचारा, ‘छोरी’ किती जणांनी पाहिलाय आणि ‘लपाछपी’ किती जणांनी. हात मोजा, मग बोलू.

याच मोजपट्टीवर मला 2024 चा ‘नोस्फेरातू’ थोडा कमी वाटला. रॉबर्ट एगर्सची प्रत्येक फ्रेम भिंतीवर लावावी अशी आहे, पण मी बाहेर पडले ती फ्रेम्स आठवत, भीती नाही. त्यापेक्षा 1922 च्या मुर्नाऊच्या मूकपटातली जिना चढणारी ती सावली आजही अंगावर येते. ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने परवानगीशिवाय गोष्ट वापरली म्हणून खटला भरला आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा निकाल मिळवला होता. तरी काही प्रती वाचल्या. व्हॅम्पायरचा सिनेमा, मरेल कसा?

आणि तात्या विंचू?

‘झपाटलेला’चं काय, असं कोणीतरी विचारणारच. रास्त आहे. महेश कोठारेंचा 1993 चा सिनेमा, कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतलेली, आणि तो एकटा वगैरे अजिबात पडला नव्हता. लोकांनी पहिल्यापासून उचलून धरला. म्हणजे कल्ट व्हायला आधी आपटावंच लागतं असं नाही. लक्ष्मीकांत बेर्डेंचं टायमिंग, दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि रामदास पाध्येंचा बाहुला यांनी ती उसनी गोष्ट इतकी आपली करून टाकली की तुमच्या जन्माआधीचा सिनेमा असून त्याचे डायलॉग तुम्हाला पाठ आहेत. हाच खरा कल्ट. पुढच्या पिढीला तो कोणी जबरदस्तीने दाखवावा लागत नाही. आणि त्याला वेळेवर टाळ्या मिळाल्या म्हणून त्याची किंमत तसूभरही कमी झाली नाही.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे ‘एण्डिंग एक्स्प्लेन्ड’चे दहा मिनिटांचे व्हिडिओ आधी बघणं बंद करा. हॉरर हा अर्धा कानाने बघायचा प्रकार आहे. दीडपट स्पीडवर, एका हातात फोन घेऊन, मध्येच रील स्क्रोल करत पाहिलात तर ‘एवढं काय भारी नाय यार’ असंच वाटणार. शांतता हळूहळू साचू द्यायला लागते. ती फास्ट फॉरवर्ड केली की भीतीही गळून जाते.

दुसरं, महिन्यातून एक तरी असा सिनेमा पहिल्या आठवड्यात थिएटरमध्ये बघा, ज्यात स्टार नाही पण गोष्ट आहे. तिकिटं परवडत नाहीत, मान्य. पॉपकॉर्नचे भाव बघून तर हस्तरसुद्धा लंगोट आवळून पळेल! पण सकाळचे शो बरेचदा स्वस्त असतात आणि गावातलं सिंगल स्क्रीन अजून जिवंत असेल तर प्रश्नच मिटला. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पुढच्या शुक्रवारी शो कमी होतात, इतकं सरळ गणित आहे. मराठी सिनेमाला तर तेवढीही उसंत मिळत नाही. त्या दोन दिवसांतल्या तुमच्या एका तिकिटाचं वजन सहा वर्षांनी टाकलेल्या शंभर स्टोऱ्यांपेक्षा जास्त आहे.

तिसरं, कॉलेजमध्ये फिल्म क्लब नसेल तर सुरू करा. एक प्रोजेक्टर, काळे पडदे आणि शेवटी तासभर भांडायला दहा जण, एवढं पुरतं. पुण्याचा ‘पिफ’, गोव्याचा ‘इफ्फी’ इथे सबटायटल्स वाचत सिनेमा बघायची सवय लागली की जग एकदम मोठं होतं.

येत्या शुक्रवारी कुठल्यातरी थिएटरमध्ये, अडनिड्या वेळेच्या एका शोला, असाच एखादा सिनेमा लागलेला असेल. पोस्टरवर ओळखीचं नाव नसेल, हॉलमध्ये पाच-सात डोकी असतील. त्याला कल्ट म्हणायची घाई नको. आधी जाऊन बघा तर खरं.