खालाच्या नंबरची किंमत

माझी खाला गावी राहते. साधा बटणांचा फोन, आणि तोही फक्त आलेले कॉल घेण्यापुरता. मागच्या वर्षी तिचं बँकेचं काम अडलं, कारण ओटीपीच येईना. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले होते. "मी तर कुणाला फोनच करत नाही, मग पैसे कशाचे?" तिने विचारलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही.

उत्तर कंपन्यांच्या हिशेबात आहे. पूर्वी एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावला, की पहिली कंपनी दुसरीला दर मिनिटाला ठरावीक पैसे द्यायची. म्हणजे खालाने नुसता फोन उचलला तरी तिच्या कंपनीची कमाई व्हायची. हा दर ऑक्टोबर 2017 मध्ये 14 पैशांवरून 6 पैशांवर आला आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य झाला. त्याआधीच, सप्टेंबर 2016 मध्ये, जिओ मोफत कॉल घेऊन बाजारात उतरली होती. एसएमएसची कमाई व्हॉट्सॲपने खाल्ली होती. मिनिटं विकण्याचा धंदा संपला, पण टॉवर, वीज आणि स्पेक्ट्रमचा खर्च काही संपला नाही.

मग कंपन्या मिनिटांऐवजी दिवस विकू लागल्या. 2018 च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने सेवा चालू ठेवण्यासाठी किमान 35 रुपयांचा रिचार्ज आणला. पुढे ही किंमत वाढत गेली आणि बहुतेक पॅकमध्ये डेटा सक्तीने आला.

धंदा टिकवायला कंपनीने बदलावं, यात गैर काही नाही. आपणही दर दोन वर्षांनी नवं तंत्रज्ञान शिकतोच. माझा आक्षेप वेगळा आहे. मोबाइल नंबर आता फक्त बोलण्यासाठी राहिलेला नाही. आधार, बँक, गॅस, सगळं त्याला जोडलेलं आहे. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. मग खालाचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती जाणार. जी गोष्ट सरकारी कामांना लागते, तिची किमान किंमत फक्त बाजाराने ठरवू नये.

नियम बदलता येतात, हेही आपण पाहिलं आहे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं बंधनकारक केलं. जानेवारी 2025 मध्ये ते आले, पण मोठ्या कंपन्यांनी ते 84 दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचे काढले. रोजंदारीवर जगणाऱ्याला एकदम इतके पैसे काढणं जड जातं. नियम पाळला गेला, पण त्यामागचा हेतू अर्धाच साधला.

म्हणून दोन कामं आपल्या हातात आहेत. पहिलं, या आठवड्यात घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांचे फोन पाहा. ज्यांना डेटा लागत नाही त्यांना डेटाशिवायचा पॅक शोधून द्या आणि मुदतीची तारीख लिहून ठेवा. दुसरं, ट्राय नियम करण्याआधी मसुदा जाहीर करून लोकांची मतं मागवतं. कंपन्यांची उत्तरं तिथे नेमाने पोहोचतात. खालाची बाजू मांडणारं एक पान आपणही पाठवू या. मराठीत सुचेल तसं लिहा, इंग्रजी करायला मी बसतो.

खालाचा नंबर वाचला. तिचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.