काळोखाचं पुस्तक घ्यावं का?



ड्युटी संपवून बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसलोय. इथल्याच बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी कित्येक वर्षं सनईचा रियाज केला. दक्षिणेला थोडं पुढे मणिकर्णिका, तिथल्या चिता कधी विझत नाहीत. अशा ठिकाणी बसून मी एका खेळाच्या पुस्तकाचा विचार करतोय, हसू नका.

मुलगा साताऱ्यात नववीत आहे. त्याला ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हवंय. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी २०१६ साली आलेली ही मोहीम. मूळ कथा १९८३ची, ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवराबायकोची. बारोव्हिया नावाचं धुक्याने कोंडलेलं खोरं, गडावर स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार, आणि त्याला संपवल्याशिवाय बाहेरची वाट नाही. एक मुलगा गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, अडलं की फासे टाकतात.

बायको म्हणाली, "बाप आधीच लांब, रात्री फोन वाजला की धस्स होतं. त्यात घरात आणखी भुतं कशाला?" तिचं चूक नाही. पण मणिकर्णिकेजवळ मी पोरांना पतंग उडवताना पाहतो. मरण त्यांच्यापासून कुणी लपवलेलं नाही, तरी ती हसतात. फौजीच्या पोरालाही काळोख ठाऊकच असतो, फक्त तो कधी बोलून दाखवत नाही. गोष्टीतल्या काळोखाशी चार मित्रांसोबत लढता येतं, हे मला वाईट वाटत नाही.

आणि हा खेळ आपल्याला परका नाही. १८२४ साली प्रशियाच्या फौजेत लेफ्टनंट रायस्विट्झने नकाशावरचा युद्धखेळ आणला: दोन बाजू, मध्ये पंच, नुकसान किती ते फाशांवर. पुढे हौशी मंडळी छोटे सैनिक मांडून लढाया खेळू लागली, आणि त्यातूनच १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ काढला. आपण सँड मॉडेलभोवती उभे राहून "शत्रू डावीकडून आला तर?" विचारतो, त्याचाच हा चुलतभाऊ.

एक गोष्ट मात्र खटकली. यात विस्तानी नावाचे भटके लोक आहेत. ते दारुडे, चोर, भामटे असे रंगवले म्हणून युरोपातल्या रोमा लोकांच्या बाजूने टीका झाली, आणि २०२०मध्ये प्रकाशकांनी मजकूर सुधारला. आपल्याकडे १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला होता, तो कायदा १९५२ साली गेला. मुलाला सांगितलं, घ्यायचंच तर सुधारलेली आवृत्ती घे, आणि शिक्का कसा बसतो ते मित्रांनाही सांग.

तरी पैसे लगेच पाठवले नाहीत. माझं मत असं, की असं पुस्तक घ्यायचं की नाही हे पुस्तक चाळून कळत नाही. सँड मॉडेल कितीही सुंदर असू द्या, भोवती माणसं नसतील तर ती नुसती माती. ही मोहीम कित्येक महिने चालते. तेवढे महिने कोण येणार, हा खरा प्रश्न. खेळाचे मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. मी अट घातली: चार रविवार त्यावर खेळा. चौथ्या रविवारी सगळे आले, तर पुस्तक माझ्याकडून.

माझ्या बदल्यांपायी या पोराने चार शाळा बदलल्या. नव्या वर्गात तो महिनाभर तोंड उघडत नसे. काल चौथा रविवार होता. बायकोने सांगितलं, तिघेही मित्र आले, आणि तीन तास आपलाच पोरगा बोलत होता. गोष्ट चालवणारा तोच.

दहावीचं काय, असं तिने विचारलं. मी म्हणालो, परीक्षेआधी थांबतील, मग पुन्हा बसतील. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "पाठवा."

आत्ताच पायरीवरून पैसे पाठवले. तुमच्या घरीही कुणी असं काही मागितलं, तर किंमत नंतर बघा. आधी विचारा, सोबत कोण खेळणार आहे?

जय हिंद.