समुद्राचा तास कोणता?

शाळेच्या वेळापत्रकात भूगोलाचा तास वेगळा, विज्ञानाचा वेगळा आणि गणिताचा वेगळा. मग समुद्राचा तास कोणता? माझ्या मते समुद्राला एक तास पुरणारच नाही.

वर्सोव्याचे उदाहरण घ्या. येथील कोळी बांधव बोंबील पकडण्यासाठी डोल नावाचे जाळे लावतात. ते भल्यामोठ्या पिशवीसारखे असते आणि समुद्रात एका जागी बांधलेले असते. भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी त्यातून वाहते व मासे आत अडकतात. भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते आणि पाण्याची ओढ वाढते. म्हणजे बोंबील हा प्राणिशास्त्राचा विषय खरा; पण तो जाळ्यात केव्हा येईल, हे सांगायला खगोलशास्त्र आणि गणित लागते! कोळ्यांनी मात्र हे पुस्तकाशिवाय, तिथीवरून ओळखले. अरबी खलाशांनीही वाऱ्यांचा 'मौसिम' असाच ओळखला होता. आपला 'मोसमी वारे' हा शब्द त्यावरूनच आला, आणि तुमच्या उर्दूतील 'मौसम'ही.

मासे कोठे जमतील, हा प्रश्न याहून अवघड आहे. पाण्यातील पोषक क्षारांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्या खाणारे जीव तेथे येतात व त्यांच्यामागे मासे येतात. या वनस्पतींमुळे पाण्याचा रंग बदलतो. तो रंग आणि पाण्याचे तापमान उपग्रह टिपतात. त्यावरून हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते. त्या एका सूचनेमागे किती शास्त्रे उभी आहेत, मोजून पाहा.

हे सारे काम दूरदेशीच चालते असे नाही. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था वर्सोव्यातच आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ ची. तिचे मुंबईतील केंद्रही जवळच, चार बंगला भागात आहे.

कोणी म्हणेल, एका माणसाने इतके शिकावे तरी कसे? तसे कोणी शिकतही नाही. संशोधनाच्या जहाजावर प्रत्येक शास्त्राचा जाणकार निराळा असतो. परंतु शेजाऱ्याला काय विचारायचे, एवढे तरी प्रत्येकाला कळावे लागते. 'मला प्राणी आवडतात, गणित नको' असे म्हणणारा विद्यार्थी तेथे अडून बसेल. मला तर वाटते, त्या जहाजावर एक अनुभवी कोळीही असावा. उपकरण पाण्यात कोठे सोडायचे, हे आधी त्याला विचारावे.