आठवड्याचे तास एकदा मोजून पाहा




शाळा सुरू झाल्या, वह्यांना कव्हरं चढली, आणि आता घरोघरी क्लासची यादी सुरू झाली आहे. मुलीला भरतनाट्यम की कीबोर्ड? मुलाला कराटे की क्रिकेट? ॲबॅकस तर सगळेच लावतात, मग आपण मागे का राहायचं? शिक्षिका म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे मिस्सा संपल्यावर तरुण आईवडील मला हमखास विचारतात, "टीचर, कुठला क्लास चांगला?" उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी साधा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. आपण कमीत कमी नऊ धरू. ६३ गेले, उरले १०५. शाळा आणि जाणं-येणं पाच दिवस आठ-आठ तास, शनिवारी अर्धी शाळा, म्हणजे ४४. उरले ६१. अंघोळ, जेवण, नाश्ता, तयारी रोज तीन तास. उरले ४०. गृहपाठ सहा दिवस दोन-दोन तास. उरले २८. ट्यूशन पाच दिवस दीड तास, आणि रविवारचा मिस्सा व धर्मशिक्षण मिळून तीन तास. उरले साडेसतरा. आता तीन क्लास, प्रत्येक आठवड्यातून दोनदा, जाण्यायेण्यासकट दोन तास. त्याचे बारा. हातात राहिले साडेपाच तास, म्हणजे दिवसाला जेमतेम पाऊण तास.

एवढ्या वेळात त्या पोराने गल्लीत खेळायचं, भावंडांशी भांडायचं, आजीजवळ बसायचं आणि काहीच न करता खिडकीतून बाहेरही बघायचं. हुबळीत राहून धारवाडला क्लास असेल तर 'चिगरी' बस कितीही चांगली असली तरी हा पाऊण तासही रस्त्यातच जातो.

म्हणून कुठला क्लास हा प्रश्न नंतरचा. किती, हे आधी ठरवा. माझं उत्तर विचाराल तर शाळेच्या वर्षात एक. दुसरा घ्यायचाच असेल तर घराजवळचा, परीक्षा नसलेला, उदाहरणार्थ चर्चची गायनमंडळी किंवा संध्याकाळचं मैदान. बाकीचे उन्हाळ्याच्या सुट्टीत.

यावर लोक म्हणतात, "टीचर, धारवाडची माती गाण्याची. लहानपणीच सुरुवात करायला नको का?" करा की! पण ही माती कशी मशागत झाली तेही बघा. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. गुरू एक, आणि एकच जागा पुन्हा पुन्हा घोटायची. खेळात बघायचं तर आपल्या भागातून भारताच्या कसोटी संघात गेलेले सुनील जोशी. ते शाळकरी वयात पहाटे गदगहून हुबळीला सरावाला येत आणि शाळेच्या वेळेपर्यंत परत जात. दोघांनीही प्रवास केला, कष्ट केले, पण एका गोष्टीसाठी, आणि तीही स्वतःला हवी होती म्हणून. भीमसेन जोशी तर १९३३ साली अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून गेले. तो मार्ग मी कुणाला सुचवणार नाही! पण आवड मुलाची असली की तिला ढकलावं लागत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

प्रत्येक मूल गंगूबाई होणार नाही, हे खरं. व्हायलाही नको. पण एक गोष्ट नीट शिकलेलं मूल चिकाटी शिकतं, चूक सुधारायला शिकतं, आणि पुढे दुसरं काहीही शिकायची हिंमत त्याला येते. चार क्लासांत थोडं थोडं चाखलेल्या मुलाला प्रत्येक ठिकाणी फक्त सुरुवात माहीत असते.

आपल्या कॅथलिक समाजाला तर हे नवीन नाही. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला, पुढे व्हायोलिन वाजवायला शिकवत. मिस्साच्या गायनासाठी ते लागत असे, त्यामुळे ते 'जादा' काही नव्हतं. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) याच परंपरेतले. वडील चर्चमध्ये गायनमंडळी चालवायचे. हा मुलगा मुंबईला जाऊन हिंदी चित्रपटसंगीतातला नावाजलेला संयोजक झाला. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव आलं. एका गावच्या चर्चमधून हे निघालं. आपल्याकडे मात्र बाहेर पैसे भरून कीबोर्ड शिकणारी मुलं आहेत आणि रविवारच्या गायनमंडळीत बसायला त्यांना वेळ नाही.

आता तीन गोष्टी स्पष्टच बोलते.

पहिली, सर्टिफिकेट. गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा असो, राज्याची असो, की लंडनच्या ट्रिनिटीची, परीक्षा वाईट नाही. पण दोन परीक्षा पास झालेल्या मुलाला घरी पाहुण्यांसमोर, कुणी न सांगता, एक गाणं म्हणावंसं वाटतं का, ते बघा. वाटत नसेल तर कागद जमा झाला, गाणं नाही.

दुसरी, नववी-दहावी. "यंदा एस.एस.एल.सी. आहे" म्हणून नववीतच सगळं बंद करायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. कमी करा, बंद करू नका. मैदानावरून वाचवलेला तास अभ्यासाला लागतो, हा आपला समज. बहुतेक घरांत तो मोबाईलला लागतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर असा कडक भेद ठेवू नये असंच म्हटलं आहे.

तिसरी, मुली. क्लास साडेसातला सुटतो, अंधार होतो, आणायला कोण जाणार, म्हणून आधी बंद होते ती मुलीची हॉकी. मुलाचं क्रिकेट चालू राहतं. काळजी खरी आहे, पण तिची किंमत दरवेळी मुलीनेच का द्यायची? एका गल्लीतल्या तीन घरांनी पाळी लावली तर प्रत्येकाला आठवड्यातून एकदोनदाच जावं लागेल. शेजारी कुठल्या धर्माचा आहे याने काही बिघडत नाही.

रविवारचं काय, असंही विचारतात. सामने, परीक्षा, स्पर्धा सगळं रविवारी सकाळीच असतं. शनिवारी संध्याकाळचा मिस्सा आहेच. तो रविवारचाच धरला जातो. कधीतरी अडलं तर फादरांशी बोला, ते ऐकून घेतात. मात्र ज्या वर्षी मुलाचं पहिलं कम्युनियन आहे त्या वर्षी नवा क्लास सुरू करू नका. एका वर्षात एक मोठी गोष्ट पुरे.

निवड करताना मुलाला विचारा आणि दसऱ्यापर्यंत बघा. तेवढ्या महिन्यांत आवड कळते. सोडावंसं वाटलं तर सोडू द्या, पण घेतलेला कार्यक्रम किंवा सामना पुरा करूनच. क्लासच्या दिवशीच पोट दुखतं, शाळेत तिसऱ्या तासाला डोळे मिटतात, अशा खुणा वर्गात मी खूप पाहिल्या आहेत. मूल तोंडाने नाही म्हणत नाही, तेव्हा त्याचं अंग म्हणतं. आणि आपल्याला लहानपणी शिकता आलं नाही ते मुलाकडून पुरं करून घेत नाही ना, हेही ज्याने त्याने एकदा स्वतःला विचारावं.

शेवटी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त टोचते. एका घरातल्या मुलाला तीन क्लास, आणि त्याच घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मुलाला एकही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात एकतिसावं कलम आहे. विश्रांती, खेळ आणि कलेत भाग घेणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, असं ते सांगतं. भारताने १९९२ साली त्याला मान्यता दिली. 'प्रत्येक' या शब्दात त्या बाईचा मुलगाही येतो. आपल्या चर्चच्या आवारांत मैदानं आहेत, हॉल आहेत, कपाटात बंद हार्मोनियम आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, पाच ते सात, ती आजूबाजूच्या सगळ्या मुलांना उघडी करावीत, अशी आमच्या पॅरिश कौन्सिलांना विनंती. गायला शिकवणारा तरुण मिळेल, चेंडू मिळेल. लक्ष ठेवायला माझ्यासारखे निवृत्त लोक आहेतच. एका संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला मी तयार आहे.

आणि पालकांनो, या शनिवारी मुलाला जवळ घेऊन वरचा हिशेब त्याच्याच वहीत मांडा. आकडे तुमचे घाला. शेवटी उरलेले तास बघून काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते आधी त्याला बोलू द्या.

— एक सेवानिवृत्त शिक्षिका, धारवाड