फिर्यादी, न्यायाधीश आणि मालक एकच

कामगारांच्या भाषेत 'स्ट्राइक' म्हणजे संप, श्रमिकाच्या हातचे अखेरचे शस्त्र. यूट्यूबच्या परिभाषेत मात्र 'स्ट्राइक' मालक देतो. नियमभंगाचा ठपका आला की प्रथम बहुधा ताकीद मिळते. त्यानंतर पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा नवे व्हिडिओ टाकण्यास बंदी, ९० दिवसांत दुसरा आल्यास दोन आठवडे आणि तिसऱ्याला चॅनेलच रद्द. प्रकरण गंभीर वाटल्यास ताकिदीवाचूनही चॅनेल बंद करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे.

हिंसेची चिथावणी, मुलांचे शोषण यांना आळा बसलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो शिक्षेच्या रीतीला. नियम करणारी, दोषी ठरवणारी आणि अपील ऐकणारी कंपनी एकच. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा घेणारीही तीच. २०२० च्या साथीत तिने माणसांऐवजी यंत्रांवर भिस्त ठेवली. एप्रिल ते जून या तिमाहीत १ कोटी १४ लाख व्हिडिओ हटवले गेले. त्यात निर्दोष व्हिडिओही जातील हे जाणूनच हा मार्ग पत्करल्याचे कंपनीनेच सांगितले. ज्यांची चूल या उत्पन्नावर पेटते, त्यांच्यावर याची झळ किती बसली असेल!

कामगार चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यामुळे गिरणीमालकाच्या लहरीला लगाम बसला. आरोप लेखी कळवल्यावाचून आणि खुलाशाची संधी दिल्यावाचून कामगाराला बडतर्फ करता येईना. जर्मनीतील धातुकामगारांच्या 'आयजी मेटाल' या संघटनेने २०१९ मध्ये यूट्यूबवरील निर्मात्यांशी हातमिळवणी करून हेच मागितले: निर्णयाची कारणे, बोलायला माणूस आणि स्वतंत्र लवाद. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने फेब्रुवारी २०२४ पासून कारणे देण्याचे व कंपनीबाहेरील तंटानिवारणाचे बंधन पूर्णपणे लागू केले आहे.

आपल्याकडे केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये तीन अपील समित्या स्थापन केल्या. पण त्यांच्या नेमणुका सरकारच्याच हाती. जे सरकार स्वतः व्हिडिओ हटवण्याचे आदेश देते, त्याच्या समितीकडून सरकारच्या टीकाकाराने निःपक्षपाती न्यायाची अपेक्षा कशी करावी? मक्तेदार कंपनीचा चाबूक शासनाच्या हाती देणे हा समाजवाद नव्हे. सरकार आणि कंपनी या दोहोंपासून स्वतंत्र असे न्यायपीठ हवे. विखुरलेल्या निर्मात्यांना श्रमिक मानून संघटित करण्याचे काम पक्षाच्या कामगार आघाडीने आता हाती घेतले पाहिजे.