वाहकाच्या पिशवीत कधीच न येणारं नाणं

आमच्या गल्लीत एसटीचे एक निवृत्त वाहक राहतात. सगळा तालुका त्यांना काका म्हणतो. तीस वर्षं खांद्याला चामडी पिशवी लावून सुट्टे पैसे मोजले आणि त्यातूनच नाणी जमवायचा नाद लागला. परवा त्यांच्याकडे बसलो होतो. समोर दोन डबे होते. एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा, दुसरा मखमल लावलेला, नवा कोरा.

पत्र्याच्या डब्यात 1964 चा नेहरूंचा रुपया. स्वतंत्र भारताचं ते पहिलं स्मारक नाणं. 1969 चं गांधीजींचं पितळी रंगाचं 20 पैशांचं नाणं. 1990 साल छापलेला बाबासाहेबांचा रुपया. 1999 ची ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आणि शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं. मी विचारलं, "काका, केवढ्याला घेतलीत ही?" ते हसले. "घेतली कशाची? प्रवाशाने तिकिटाला दिली. डेपोत भरणा करताना माझ्या खिशातला रुपया टाकला, हा ठेवून घेतला. रुपयाला रुपया."

मखमली डब्यात एकच नाणं. 2023 मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघालेलं 75 रुपयांचं. नातवाने ऑनलाइन बुकिंग करून आजोबांना भेट दिलेलं. काका म्हणाले, "पोराने प्रेमाने दिलंय, म्हणून बोलत नाही. पण 75 लिहिलेल्या नाण्याला काही हजार मोजायचे, हे माझ्या वाहकाच्या डोक्यात बसत नाही."

जरा हिशेब बघा. नाणं 35 ग्रॅमचं. त्यात चांदी निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त. त्या वेळी चांदी किलोला सत्तर-पंचाहत्तर हजार होती. म्हणजे चांदी झाली साडेबाराशे-तेराशेची. उरलेले पैसे घडणावळ, चकाकी, डबी आणि हौसेचे. हौसेला मोल नसतं, मान्य. पण सोनारसुद्धा पावतीवर धातू वेगळा आणि मजुरी वेगळी लिहितो. सरकारी टांकसाळीने तेवढं ठळक लिहायला काय हरकत आहे? एकूण किती नाणी पाडली तेही सांगावं. जमवणाऱ्यासाठी तो आकडा चांदीपेक्षा महत्त्वाचा असतो.

दुसरी तक्रार रूपाची. ज्यांना यातलं कळतं त्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळतं. एका बाजूला अशोकस्तंभ, तो हवाच. पण दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा फोटो दाबून बसवल्यासारखं चित्र आणि त्याभोवती दोन भाषांतली अक्षरं. आकड्याची तर गंमतच आहे. रिझर्व्ह बँकेला 90 वर्षं झाली, 90 चं नाणं. बाबासाहेबांची 125 वी जयंती, 125 चं. गुरू गोविंदसिंहांचं 350 वं वर्ष, 350 चं. अहिल्यादेवींची 300 वी जयंती, 300 चं. नाण्यावरचा आकडा म्हणजे जणू वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती! त्या आकड्याला बाजारात काही अर्थच उरलेला नाही. वर अर्धवट माहितीवर व्हॉट्सअॅपवाले "350 चं नाणं चलनात येणार" म्हणून फिरवतात आणि चार लोक बँकेत विचारायला जातात.

हौशी लोक जास्त पैसे मोजतात, याचा मला राग नाही. चांदीची नाणी जगभर निघतात, निघू द्या. माझं म्हणणं एवढंच, की नाणं हे मुळात लोकांच्या हातात फिरायची गोष्ट. शिवरायांची शिवराई आठवा. तांब्याचं साधं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. होन सोन्याचा, तो थोरामोठ्यांकडे. पण राजाचं नाव खेड्यातल्या बाजारापर्यंत पोचवलं ते शिवराईने, आणि राज्य गेल्यावरही ती चालतच राहिली.

अहिल्यादेवी आमच्या चौंडीच्या. 2025 च्या 31 मे रोजी त्यांचं 300 रुपयांचं नाणं प्रसिद्ध झालं, आनंदच आहे. पण चौंडीच्या शाळेतल्या पोरीला ते कधी शेंगदाण्याच्या पुडीच्या बदल्यात सुट्टे म्हणून मिळणार आहे का? ज्या बाईने घाट, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांसाठी बांधल्या, तिचं नाणं मात्र मोजक्यांच्या कपाटात. हे मला खटकतं.

अमेरिकेने 1999 ते 2008 या दहा वर्षांत प्रत्येक राज्याचं एक, अशी 50 पाव डॉलरची नाणी काढली. दर्शनी किमतीला, थेट गल्ल्यात. शाळेतली पोरं ती शोधत बसायची. आपल्याकडे हे जमणार नाही असं नाही. 2010 मध्ये रुपयाचं चिन्ह खुल्या स्पर्धेतूनच निवडलं होतं. मग नाण्याच्या चित्राला स्पर्धा का नको? जे. जे. मधली पोरं काय वाईट काढतील?

आता कुणी म्हणेल, हातात फिरणारी वेगवेगळी नाणी काढली की लोक घेत नाहीत. खरं आहे. दहाच्या नाण्याचे हाल आपण पाहिलेत. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये सांगितलं, की 14 प्रकारची दहाची नाणी आहेत आणि सगळी चालतात. तरी आमच्या बाजारपेठेत अजून "दहाचं नको, नोट द्या" चालूच आहे. पण हा दोष नाण्याचा नाही, न सांगण्याचा आहे. नवं नाणं आलं की त्याचं चित्र रेशन दुकानात, बँकेत, एसटी स्टँडवर लावा. तेवढं केलं तरी अर्ध्या अफवा मरतील.

दुसरा कुणी म्हणेल, यूपीआयच्या जमान्यात नाणी कोण बघतं? म्हणूनच तर! हातात येणारं नाणं आता कमी झालंय, तर जे येईल ते बघत राहावंसं वाटेल असं असू द्या.

म्हणून मागणी साधी आहे. चांदीचं काढा, पण प्रत्येक वेळी त्याच माणसाचं पाच किंवा दहा रुपयांचं चालतं नाणंही काढा. आणि चांदीच्या नाण्याचा हिशेब उघडा ठेवा.

निघताना काकांनी पत्र्याचा डबा पुढे केला. "नातवाला हा देणार आहे. मखमलीचा त्याने मला दिला, हा मी त्याला." मी म्हटलं, "यातलं सगळ्यात किमती कुठलं?" त्यांनी माउलींचा रुपया उचलला. "हा. एका म्हातारीने आळंदीच्या गाडीत दिला होता. देताना तिने पाहिलासुद्धा नाही, आणि मी दिवसभर पाहत बसलो."

तुमच्याकडे आहे का असं गल्ल्यातून, तिकिटातून, भाजीच्या सुट्ट्यातून आलेलं एखादं नाणं? खाली फोटो टाका, कुठून आलं तेही लिहा. विकायला मात्र काढू नका. जुन्या नाण्याचे लाखो देतो म्हणणारे भामटे फार झालेत. रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये सावध केलं होतं, की आपल्या नावाने कमिशन मागणाऱ्यांना पैसे देऊ नका.