डोक्यातून जाणारा उजेड

रात्री लाईट गेली की मुले मोबाईलची टॉर्च बोटांखाली धरतात आणि लालभडक झालेली बोटे अम्मीला दाखवतात. निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषून घेते, लाल बराचसा पार होतो. लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तर कवटीतूनही आत जातो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिले. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्यामुळे बाहेर आलेल्या उजेडावरून मेंदूच्या कोणत्या भागात रक्त वाढले, याचा अंदाज येतो. ना सुई, ना बोगद्यासारखे यंत्र. तान्ह्या बाळालाही टोपीसारखे घालता येते.

अडचण एकच. हा प्रकाश सरळ जात नाही, धुक्यातल्या दिव्यासारखा विखुरतो. कपाळावर दिवा ठेवून तीन सेंटीमीटरवर तो टिपला, तरी त्यातला बराचसा कातडी आणि हाडातूनच फिरून आलेला असतो. मेंदूपर्यंत कोणता गेला, हे डोके उघडून कोण पाहणार?

म्हणून संगणकात डोके तयार करतात. कातडी, कवटी, मेंदूभोवतीचे पाणी, मेंदू असे त्याचे थर. त्यात एकेक प्रकाशकण सोडायचा. तो किती पुढे जाईल, कुठे वळेल, हे दर वळणावर फासा टाकल्यासारखे ठरते. असे कोट्यवधी कण सोडले की उजेडाची वाट दिसू लागते.

या पद्धतीला जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या मॉन्टे कार्लोचे नाव आहे, पण काम निव्वळ हिशेबाचे. गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम १९४६ मध्ये मेंदूच्या सुजेतून बरे होत होते. एकट्याने पत्ते लावताना त्यांना सुचले, की डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजावी. मेंदूच्या आजारातून उठलेल्या माणसाची ही युक्ती आज मेंदूच्याच तपासणीला उपयोगी पडते.

पण संगणकाला आपण दिलेलेच डोके माहीत असते. या कामात खूप वापरला गेलेला एक नमुना, ‘कॉलिन २७’, एकाच माणसाच्या डोक्याचे २७ वेळा स्कॅन घेऊन बनवलेला आहे. आणि सावळी कातडी, दाट काळे केस उजेड अडवतात. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही उजेडावरच चालतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमधला कमी ऑक्सिजन त्याच्या नजरेतून सुमारे तिप्पट वेळा सुटल्याचे आढळले. हिशेबात रंग धरला नाही, तर किंमत आजारी माणूस मोजतो. म्हणूनच आता संशोधक या संगणकी डोक्यांत कातडीचा रंगही धरू लागले आहेत.

सूरह रूममध्ये माणसांच्या रंगांतील विविधतेला अल्लाहची निशाणी म्हटले आहे. आपल्या घरातली गणिताची आवड असलेली मुले-मुली उद्या या कामात उतरली, तर ही निशाणी हिशेबात धरायला ती विसरणार नाहीत, इन्शाअल्लाह.